ऐनवेळचे विषय

नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका कुणी हौसेने वाचत नाही. तिची भाषाच तशी असते. पहिला विषय ठरलेला: ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. त्यानंतर ‘बाबत’ने संपणाऱ्या ओळींची रांग लागते. रस्ता डांबरीकरणाच्या वाढीव खर्चास मंजुरी देणेबाबत, व्यापारी संकुलातील गाळ्यांच्या मुदतवाढीबाबत, आठवडे बाजार वसुलीच्या ठेक्याबाबत, मोकाट कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाबाबत. या ओळींना कर्ता नसतो, बहुतेक वेळा रक्कम नसते आणि रस्ता कुणाच्या दारापासून कुणाच्या दारापर्यंत होणार तेही नसते. ‘विचारविनिमय करून निर्णय घेणे’ एवढे लिहिलेले असते. विचार कोणता आणि विनिमय कुणाशी, हे ज्याचे त्याने ओळखायचे. अगदी तळाला आणखी एक ओळ असते. तीस हजार वस्तीच्या गावात ती असते, दीड लाखाच्या शहरातही असते: ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. माझे म्हणणे या शेवटच्या ओळीबद्दल आहे. नव्या नगरपालिकेचा कारभार कसा चालणार हे ओळखायचे असेल, तर किती कोटींचा निधी आला याचा फलक नंतर वाचावा. आधी या ओळीखालून काय काय आत आले ते पाहावे.

हे आत्ताच सांगण्याचे कारण उघड आहे. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. बहुतेक ठिकाणी २ डिसेंबरला मतदान झाले, काही ठिकाणी ते २० तारखेपर्यंत लांबले आणि २१ ला निकाल लागले. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी पुढची निवडणूक झाली पाहिजे, असे १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने लिहून ठेवले आहे. तरीही इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा न्यायालयीन तिढा, प्रभागरचनेतले बदल आणि सरकारची सोय या सगळ्यात बहुतेक नगरपरिषदांवर जवळपास चार वर्षे प्रशासक बसला. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये चार महिन्यांची मुदत घातली, ती पुढे ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवली, तेव्हा कुठे मतपेट्या हलल्या. या चार वर्षांत सभेचे अधिकार प्रशासकाकडे होते, आणि अनेक गावांत मुख्याधिकारीच प्रशासक होते. म्हणजे प्रस्ताव मांडणारे तेच, मंजूर करणारे तेच आणि अंमलबजावणी करणारेही तेच. सूचक आणि अनुमोदक एकाच खुर्चीत. आता नगरसेवक परतले आहेत, दालनांना रंग लागले आहेत, विषय समित्यांची वाटणी झाली आहे. पण चार वर्षे विषयपत्रिकेवाचून चाललेल्या कचेरीला तशी सवय लागून जाते, आणि ती मोडायची तर सुरुवातीलाच मोडावी लागते.

आपल्याकडे छोट्या शहरांचा कारभार १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमावर चालतो. एक लाखावर लोकवस्ती असलेली ‘अ’ वर्ग, चाळीस हजार ते एक लाख ‘ब’ वर्ग, त्याखाली ‘क’ वर्ग, ही वर्गवारी त्यातलीच. याच कायद्यात सभेविषयीही बारकाईने लिहिलेले आहे. सर्वसाधारण सभा नियमितपणे झाली पाहिजे. तिची नोटीस सात पूर्ण दिवस आधी गेली पाहिजे, विशेष सभा असेल तर तीन दिवस आधी. हे सात दिवस नगरसेवकाला लग्नसमारंभांच्या तारखा जुळवायला दिलेले नाहीत. त्या दिवसांत त्याने फाईल मागून पाहावी, जागेवर जाऊन यावे, गल्लीतल्या दोघाचौघांना विचारावे, अंदाजपत्रकातला दर आणि बाजारातला दर ताडून पाहावा, अशी अपेक्षा आहे. विषय पत्रिकेवर असेल तर हे सगळे निदान शक्य असते. ऐनवेळी आलेल्या विषयाला मात्र हे सात दिवस मिळतच नाहीत. तो सभागृहात जन्मतो आणि पाच मिनिटांत सज्ञान होतो.

गाळ्यांचेच पाहू. बसस्थानकाजवळ नगरपालिकेचे व्यापारी संकुल असते, खाली दुकाने आणि वर बहुधा एखादे बंद वाचनालय. समजा तिथे तीस गाळे आहेत. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ठरलेले भाडे महिन्याला सहाशे रुपये, आणि शेजारच्या खासगी इमारतीत तेवढ्याच गाळ्याला चार हजार. फरक दरमहा चौतीसशेचा. तीस गाळ्यांचा वर्षाचा हिशेब बारा लाख चोवीस हजार रुपये. ही आकडेमोड मुद्दाम कल्पित घेतली आहे, पण आपल्या गावातले खरे आकडे त्यात घालून कुणीही ती करू शकतो. आता मुदत संपते तेव्हा काय करायचे? फेरलिलाव, की जुन्या भाडेकरूंना वाढीव दराने मुदतवाढ? दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे आहे. तिथे बसलेला शिंपी किंवा चपला शिवणारा काही धनदांडगा नव्हे. उघड लिलावात त्याची जागा मोबाईलचे दुकान घेणार हे दिसतेच. उलट मूळ धारकाने गाळा परस्पर तिसऱ्यालाच चालवायला दिलेला असेल, तर मधला फरक नगरपालिकेच्या तिजोरीत न येता त्याच्या खिशात जातो. हा खरा राजकीय प्रश्न आहे, आणि नगरपालिका असते ती असले प्रश्न चर्चेने सोडवण्यासाठीच. तोच विषय ‘गाळे मुदतवाढीबाबत’ म्हणून ऐनवेळी आला, भाड्याचा दर तोंडी सांगितला गेला आणि ‘मंजूर, मंजूर’च्या आवाजात निघून गेला, तर शिंप्यालाही न्याय मिळाला की नाही हे कळत नाही आणि तिजोरीलाही.

त्यात ठराव लिहिण्याची पद्धत आणखी भर घालते. सभेत बोलले जाते एक, आणि पूर्ण वाक्यांत ठराव लिहिला जातो नंतर, कचेरीत. सूचक कोण, अनुमोदक कोण, ‘सर्वानुमते’ की ‘बहुमताने’, वाढीव खर्च किती, तो कोणत्या लेखाशीर्षातून भागवायचा, हे तिथे कागदावर येते. विषय पत्रिकेवर आधीपासून असेल तर लिहिलेला ठराव निदान मूळ प्रस्तावाशी ताडता येतो. ऐनवेळच्या विषयाला ताडून पाहायला मूळच नसते. आपण नेमके काय मंजूर केले हे नगरसेवकालाच पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होताना समजते, अशी तक्रार विरोधी बाकांवर बसणारे सगळ्याच पक्षांचे लोक करतात. सत्तेत आल्यावर तेच लोक ती विसरतात, हेही नमूद केले पाहिजे.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा येतो, आणि तो बिनबुडाचा नाही. गाव नोटिशीच्या मुदतीवर चालत नाही. मुख्य जलवाहिनी फुटली, नाल्यावरचा स्लॅब खचला, साथ आली, तर सात दिवस थांबायचे का? थांबायचे नाही, आणि कायद्यानेही थांबायला सांगितलेले नाही. तीन दिवसांच्या नोटिशीवर विशेष सभा घेता येते. तेवढीही उसंत नसेल, तर तातडीच्या प्रसंगी काम सुरू करण्याचा आदेश द्यायचा अधिकार कलम ५८ च्या पोटकलम २ ने अध्यक्षांना दिलेला आहे; नगरपालिकेत ‘अठ्ठावन्न दोन’ म्हटले की शिपायालाही कळते. खऱ्या तातडीसाठी दोन दारे असताना तिसरी खिडकी कशाला लागते? ऐनवेळच्या विषयांची यादी काढून बसले की उत्तर मिळते. फुटलेली जलवाहिनी त्यात क्वचित सापडेल. मुदतवाढ, वाढीव खर्च, ठेक्याचे नूतनीकरण, एखाद्या जागेचा ना हरकत दाखला, हे मात्र हमखास सापडते. यातले काहीच रात्रीतून उद्भवत नाही. ठेका कोणत्या तारखेला संपणार हे तो दिला त्याच दिवशी ठाऊक असते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: नगरपालिकेच्या हातात उरलेच काय आहे, की तिच्या विषयपत्रिकेची एवढी काळजी करावी? १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात गेली आणि हक्काचे मोठे उत्पन्न सरले. कर्मचाऱ्यांचे पगार जकातीच्या बदल्यात मिळणाऱ्या सहायक अनुदानाकडे डोळे लावून बसतात. घरपट्टीच्या बिलातला शिक्षण उपकर आणि रोजगार हमी उपकर वसूल करते नगरपालिका, जातो राज्याकडे. वित्त आयोगाचा पैसा आला तरी त्याचा मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला. उरलेली मोठी कामे आमदारांच्या पत्रावर आणि मंत्रालयातल्या सहीवर. अध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा की नगरसेवकांतून, हेसुद्धा वरूनच ठरते: २०१६ मध्ये थेट, २०२० मध्ये नगरसेवकांतून, २०२२ मध्ये पुन्हा थेट. वरचा पैसा आणि वरचाच नियम, मग खाली चर्चा कसली करायची, असे कुणी म्हटले तर त्याला निराशावादी म्हणून उडवून लावता येणार नाही.

तरीही हा आक्षेप अर्धाच खरा आहे. पैसा वरून येतो, पण तो कोणत्या गल्लीत उतरणार हे खाली ठरते. शिवाय वरून आलेले प्रत्येक बांधकाम मागे एक खर्च ठेवून जाते, त्याकडे आपले लक्ष जात नाही. नाट्यगृह, उद्यान, जलतरण तलाव, नवी पाणीयोजना यांच्या उद्घाटनाची कोनशिला राज्याची असते. वीजबिल, रखवालदार, पंपाची दुरुस्ती नगरपालिकेची. नगरोत्थानसारख्या योजनेत नगरपालिकेला आपला हिस्साही भरावा लागतो. या साऱ्याची जबाबदारी घेणारा ठराव सभेनेच केलेला असतो, बहुधा एका ओळीचा, आणि ‘योजनेचा प्रस्ताव आजच पाठवायचा आहे’ या कारणाने अनेकदा ऐनवेळी आलेला. पुढे नाट्यगृहाची वातानुकूलन यंत्रणा बंद पडते आणि छतातून पाणी गळते, तेव्हा नगरपालिकेकडे पैसा नाही असे सगळे म्हणतात. देखभालीला वर्षाला किती लागतील आणि ते कुठून आणायचे, हा प्रश्न त्या ठरावाच्या दिवशी विचारायचा होता. हातात पैसा कमी आहे म्हणून चर्चा नको, हे तर्कट उलटे आहे. ज्या घरात पैसा कमी, तिथेच हिशेब जास्त लागतो.

ठरावाला एवढे महत्त्व देणे म्हणजे कागदी घोडे नाचवणे, असेही काही जण म्हणतील. त्यांनी महाडच्या नगरपालिकेकडे पाहावे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये झाला, आणि काही हजार वस्तीच्या महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला अनुसरून चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे सुधारक तेव्हा त्या नगरपालिकेत होते. तीन वर्षे तो ठराव कागदावरच राहिला. तळ्यावर अस्पृश्यांना जाऊ दिले गेले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या पावलांमागे माणुसकीचा हक्क तर होताच, पण नगरपालिकेचा लिहिलेला ठरावही होता. विरोधकांना त्याची धास्ती वाटली म्हणूनच ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने तो ठराव रद्द केला. वाद न्यायालयात गेला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सनातन्यांचा दावा फेटाळला. नुसता ठराव कुणाला पाणी पाजत नाही हे महाडने दाखवले, आणि तो ठराव पुसायचा तर उघडपणे, तारीख टाकून दुसरा ठराव करावा लागतो हेही दाखवले. लिहिलेला शब्द नसता तर नगरपालिका कोणत्या दिवशी कोणत्या बाजूला उभी होती, हे आज शंभर वर्षांनी सांगता आले नसते. नोंदीचे हेच मोल एकट्या सदस्याच्या विरोधालाही असते. महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावरच्या खर्चाला त्यांनी एकट्याने विरोध केला. एकट्या सदस्याचे ‘नाही’ टिकते, ते विषय आधी कळलेला असेल आणि विरोध नोंदला गेला असेल तरच.

तिसरा आक्षेप लोकांकडे बोट दाखवतो. विषयपत्रिका लावली तरी वाचणार कोण? नळाला एक दिवसाआड पाणी आले, घंटागाडी वेळेवर फिरली, की लोकांचे भागते. पण ज्यांना लोक उदासीन वाटतात, त्यांनी तालुक्याच्या गावांचा अलीकडचा अनुभव आठवावा. २०१४ नंतर तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. त्याआधी त्याच माणसांना ग्रामसभा होती. २६ जानेवारीला, १ मेला, १५ ऑगस्टला, २ ऑक्टोबरला पारावर किंवा शाळेच्या पटांगणात बसून सरपंचाला उभे-आडवे प्रश्न विचारण्याचा कायदेशीर हक्क होता, आणि लोक तो वापरतही होते. भांडणे व्हायची, सभा तहकूब व्हायची, पण विचारणारे विचारायचे. गाव ‘शहर’ झाले आणि हा हक्क संपला. महानगरांत निदान प्रभाग समित्या आहेत. राज्यघटनेने त्या तीन लाख आणि त्यावरच्या लोकवस्तीला बंधनकारक केल्या, त्यामुळे छोटी शहरे बरोबर मधल्या फटीत पडली. ना ग्रामसभा, ना प्रभाग समिती. अशा ठिकाणी माणूस सभेच्या निकट जाऊ शकतो तो विषयपत्रिका आणि इतिवृत्त या दोन कागदांतूनच. ते कागदही त्याच्यापर्यंत पोहोचवायचे नाहीत आणि वर त्यालाच उदासीन म्हणायचे, हा न्याय झाला नाही.

प्रशासकांच्या काळात कामे झपाट्याने झाली, सभांमध्ये नुसता गोंधळ असतो, असे म्हणणाऱ्यांची संख्याही कमी नाही. गोंधळ असतो, हे खरेच आहे. पन्नास विषय वीस मिनिटांत उरकणाऱ्या सभा आहेत, राजदंड पळवणे आणि विषयपत्रिका भिरकावणे हे प्रकार सर्वांना ठाऊक आहेत. नगरसेवक परत आले म्हणजे शहाणपण परत आले, असा माझा दावा नाही. पण प्रशासकाच्या वेगाचे कारण साधे होते: थांबवून विचारणारे कुणी नव्हते. बेकायदा किंवा लोकहिताविरुद्धच्या ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांना आहे, आणि ते कलम बहुतेक वेळा जागे होते ते एखाद्या चिडलेल्या नगरसेवकाच्या अर्जाने. सभेतला तो कटकट करणारा माणूस चार वर्षे हजरच नव्हता. आणि सभा गोंधळाची होते त्याचे एक मोठे कारण पुन्हा तेच, की सदस्यांना विषय आधी कळालेलाच नसतो. अभ्यास करायला वेळ न दिलेला माणूस आवाज चढवतो. थेट निवडून आलेला अध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहातले बहुमत दुसऱ्याचे, अशा गावांत तर आडवाटेचा मोह दोन्ही बाजूंना होणार: अध्यक्ष शेवटच्या ओळीखालून विषय आत आणतील आणि बहुमतवाले मागच्या सभेचे इतिवृत्तच कायम होऊ देणार नाहीत.

मागणी काही क्रांतिकारक नाही. विषयपत्रिका नगरसेवकांना जाईल त्याच दिवशी ती लोकांसाठीही लावावी. प्रत्येक ‘बाबत’च्या पुढे चार गोष्टी याव्यात: रक्कम, जागा, लेखाशीर्ष आणि हाच विषय आधी कधी आला होता का. ऐनवेळच्या विषयावर निर्णय घेण्याऐवजी तो दाखल करून पुढच्या सभेत घ्यावा. अपवाद तातडीचा, आणि तातडी कशाची ते ठरावातच लिहावे. लिहिलेले इतिवृत्त पंधरा दिवसांत बाहेर यावे, कायम व्हायचे असेल तेव्हा होवो. यासाठी नवा कायदा लागत नाही. २००५ च्या माहितीच्या अधिकार कायद्याच्या कलम ४ ने सार्वजनिक संस्थांना आपल्या सभा लोकांना खुल्या आहेत का आणि त्यांची इतिवृत्ते पाहायला मिळतात का, हे कुणी अर्ज न करता जाहीर करायला सांगितलेच आहे. ‘संकेतस्थळाला तांत्रिक अडचण आहे’ हे उत्तर येईल, म्हणून आधीच सांगतो: कचेरीच्या दाराशी काचेची एक पेटी असते, जिच्यात गेल्या वर्षीच्या भरतीची पिवळी पडलेली जाहिरात टाचलेली आहे आणि जिच्या कुलपाची किल्ली सापडत नाही. तीही नको असेल तर प्रभागाप्रभागांचे व्हॉट्सअॅप गट आहेतच. नेत्याच्या वाढदिवसाचा फलक त्यावर सकाळी सहाला न चुकता येतो. विषयपत्रिकेची तीन पाने त्याच्यापेक्षा कमी जागा घेतात.